समुपदेशकाची परीक्षा ओपीडीत व्हावी

उपजिल्हा रुग्णालयातली सकाळची ओपीडी. केसपेपरची रांग दारापर्यंत आलेली. पन्नाशीच्या एक बाई डॉक्टरांसमोर बसतात. सहा महिन्यांत त्यांची साखर तिसऱ्यांदा वाढली आहे. गोळ्या वेळेवर घेता का, असे विचारल्यावर ‘घेतीय की’ एवढेच उत्तर. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जिवाला चैन नाही. ईसीजी काढला जातो, तो ठीक निघतो. बाहेर अजून साठ-सत्तर जण ताटकळत आहेत. डॉक्टर म्हणतात, ‘मावशी, पलीकडच्या खोलीत ताई बसल्यात. त्यांच्याशी जरा बोलून या.’

पलीकडच्या खोलीत समुपदेशनाचा अभ्यासक्रम शिकणारी एक विद्यार्थिनी बसली आहे. लेखी परीक्षेत तिला चांगले गुण आहेत. कार्ल रॉजर्स कोण, आरोन बेक यांनी काय सांगितले, हे तिला पाठ आहे. पण मावशींबरोबर त्यांची जाऊही आत आली आहे आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तीच देते आहे. मध्येच सिस्टर रजिस्टर मागायला येतात. जाऊ पाणी आणायला बाहेर गेल्यावर मावशी हळूच म्हणतात, ‘कधी कधी वाटतं, सगळं संपवावं. पण घरात कुणाला सांगू नका हं, ताई.’

आता विद्यार्थिनीने काय करायचे? पुढचा प्रश्न कोणता विचारायचा? डॉक्टरांना सांगायचे की नाही? केसपेपरवर लिहायचे तर किती लिहायचे? मावशींना आज घरी जाऊ द्यायचे का?

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण इस्लामपूर, आष्टा, शिराळा किंवा कराड, कोणत्याही गावच्या दवाखान्यात काम केलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. त्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो: ही विद्यार्थिनी अशा ठिकाणी काम करायला तयार आहे, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले?

एका छताखाली बसणे पुरेसे नाही

मनाचा आजार वेगळ्या इमारतीत आणि शरीराचा आजार वेगळ्या इमारतीत, ही विभागणी आता मागे पडते आहे. भारताने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला तेव्हाच मानसिक आरोग्यसेवा प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठरले होते. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आकाराला आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर सर्वसाधारण आरोग्यसेवेच्या प्रत्येक स्तरावर मानसिक आरोग्यसेवा जोडून घेणे हे सरकारचे कर्तव्यच ठरवले. गावागावांतल्या उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली, तेव्हा तिथे द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांत मानसिक आरोग्याचाही समावेश झाला.

यामागचे कारण साधे आहे. उदास माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत दवाखान्यात येत नाही. तो डोकेदुखी, पित्त, कंबरदुखी, धडधड, अशक्तपणा घेऊन येतो. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. ज्याला नैराश्य आहे त्याची गोळी चुकते, पथ्य मोडते, चालणे बंद होते आणि साखर वाढते. एका आजाराकडे दुर्लक्ष करून दुसरा आटोक्यात ठेवता येत नाही. म्हणूनच डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, आशाताई आणि समुपदेशक यांनी एकाच रुग्णासाठी एकत्र विचार करायचा, याला एकात्मिक आरोग्यसेवा म्हणतात.

अमेरिकेत या सेवेच्या पायऱ्या ठरवताना तीन टप्पे वेगळे केले गेले: आधी दूर राहून एकमेकांना कळवणे, मग एका छताखाली बसणे आणि शेवटी खऱ्या अर्थाने एकत्र काम करणे. हा फरक महत्त्वाचा आहे. समुपदेशकाची खुर्ची रुग्णालयात ठेवली म्हणजे सेवा एकात्मिक झाली, असे होत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याला दवाखान्याच्या वेगात काम करता आले पाहिजे आणि दवाखान्यालाही त्याचे काम कळले पाहिजे.

सांगलीला हे नवे नाही

सांगली जिल्ह्याला समुपदेशकाची ओळख एचआयव्हीच्या साथीने करून दिली. नव्वदच्या दशकात हा जिल्हा या साथीचा मोठा भार सोसत होता. १९९२ मध्ये सांगलीत सुरू झालेल्या ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर केलेल्या कामाची दखल देशाबाहेरही घेतली गेली. पुढे सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, म्हणजे आयसीटीसी, आली. चाचणीआधी बोलायचे, चाचणीनंतर बोलायचे, क्षयरोगाची लक्षणे दिसली तर तिकडे पाठवायचे आणि गरोदर मातेला बाळाच्या संरक्षणाची माहिती द्यायची. सरकारी दवाखान्यातला समुपदेशक इतरांबरोबर काम करू शकतो, हे या केंद्रांनी दाखवून दिले.

त्याच अनुभवातली एक उणीवही लक्षात ठेवायला हवी. सरकारी कार्यक्रमांत आकडा आधी मोजला जातो. महिन्यात किती जणांचे समुपदेशन झाले, हे रजिस्टरमध्ये येते. ते कसे झाले, समोरच्या माणसाला काय कळले, तो पुन्हा आला का आणि नाही आला तर का, हे रजिस्टरच्या रकान्यात मावत नाही. ‘समुपदेशन केले’ असा शिक्का आणि समुपदेशन यांत मोठे अंतर असू शकते.

समुपदेशकाची गरज किती अचानक उभी राहते, हे इस्लामपूरने मार्च २०२० मध्ये पाहिले. परदेशातून परतलेल्या काही जणांपासून शहरात करोनाची लागण झाली आणि काही दिवसांत रुग्णसंख्या पंचवीसच्या घरात गेली. सारे राज्य इस्लामपूरकडे बघत होते. विषाणूवर उपचार करणारे डॉक्टर होते, संपर्क शोधणारे कर्मचारी होते. पण विलगीकरणात बसलेल्या माणसाची भीती, शेजाऱ्यांच्या नजरा आणि घरी परतल्यावरचे अवघडलेपण हाताळायलाही कोणीतरी लागते, ही जाणीव त्या दिवसांनी करून दिली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये आणि नंतर जुलै २०२१ मध्ये कृष्णा-वारणेच्या महापुराने वाळवा, शिराळा, पलूस, मिरज तालुक्यांतील गावे पाण्याखाली गेली. घर, गोठा, उभा ऊस गेलेला माणूस पुढचे कित्येक महिने ओपीडीत ‘अंग दुखतंय’ म्हणून येत राहतो. अशा वेळी समुपदेशक लागतात आणि ते आधीपासून तयार असावे लागतात. पूर आल्यावर पोहायला शिकवता येत नाही.

पदवी, नोंदणी आणि तयारी

समुपदेशनाच्या क्षेत्रात आजवर कोणीही पाटी लावावी, अशी स्थिती होती. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकांसाठी मात्र तशी स्पष्ट व्यवस्था नव्हती. दोन वर्षांची एम.ए., एका वर्षाची पदविका आणि शनिवार-रविवारचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम या सगळ्यांतून बाहेर पडणारा माणूस स्वतःला समुपदेशकच म्हणवून घेतो.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हे चित्र बदलायला सुरुवात केली. या कायद्याच्या यादीत वर्तन-आरोग्य व्यावसायिकांचा वेगळा गट आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रातील समाजसेवक, एचआयव्ही व कुटुंब नियोजन समुपदेशक यांच्याबरोबर ‘एकात्मिक वर्तन-आरोग्य समुपदेशक’ असेही एक नाव आहे. म्हणजे दवाखान्यात इतरांबरोबर काम करणारा समुपदेशक कायद्याने स्वतंत्रपणे ओळखला आहे. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. मानसशास्त्रही त्यात आले. दिशा योग्य आहे. माणसांशी बोलण्याचे काम माणसांत राहूनच शिकावे लागते.

पण वर्गातली हजेरी म्हणजे तयारी नव्हे. नोंदणी झाली, अभ्यासक्रम ठरला, तासिका ठरल्या, तरी शेवटी प्रश्न उरतोच: हा विद्यार्थी उद्या ओपीडीत बसू शकेल का? याचे उत्तर देणारे मोजमाप अभ्यासक्रमातच हवे. ते नसेल तर जुनेच प्रमाणपत्र नव्या शिक्क्यासह मिळेल.

स्वतःच स्वतःला दिलेले गुण

जगभर विद्यार्थ्यांची अशी तयारी मोजण्याची सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय रीत म्हणजे प्रश्नावली. ‘मी डॉक्टरांबरोबर आत्मविश्वासाने चर्चा करू शकतो’, ‘इतर व्यवसायांतील विद्यार्थ्यांबरोबर शिकल्याने माझा फायदा होईल’ अशी विधाने द्यायची आणि ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत खूण करायला सांगायची. १९९९ मध्ये ब्रिटनमधील पार्सेल आणि ब्लाय यांनी बनवलेली १९ विधानांची प्रश्नावली अशीच आहे. वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांचे विद्यार्थी एकत्र शिकायला किती उत्सुक आहेत, हे ती पाहते.

अशा प्रश्नावल्या निरुपयोगी नाहीत. विद्यार्थ्याची वृत्ती त्यातून कळते. पण वृत्ती आणि कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सायकल चालवायची इच्छा कितीही दांडगी असली, तरी तोल सांभाळता येतो की नाही हे बसल्यावरच समजते. १९९९ मध्येच अमेरिकेतील जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांनी प्रयोगांतून दाखवले की, ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी असते ते स्वतःविषयी बऱ्यापैकी जास्त अंदाज बांधतात. कारण आपले कुठे चुकते, हे कळायलाही तेच कौशल्य लागते.

यात आणखी एक गंमत आहे. प्रशिक्षणाआधी विद्यार्थी स्वतःला पाचपैकी चार गुण देतो. महिनाभर रुग्णालयात काढल्यावर तोच विद्यार्थी स्वतःला तीन गुण देतो. कागदावर पाहिले तर प्रशिक्षण फसले, असे दिसेल. खरे तर उलटे घडलेले असू शकते. आधी त्याला काम किती अवघड आहे, हेच ठाऊक नव्हते. ते कळले आणि मोजपट्टीच बदलली. असा घसरलेला गुण शिकल्याची खूण असू शकतो. केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’चे आकडे शेजारी ठेवून टाळ्या वाजवणाऱ्या किंवा निराश होणाऱ्या संस्थांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

आपल्याकडे तर आणखी अडचण आहे. सर वर्गात फॉर्म वाटतात, वर नाव लिहायला सांगतात आणि तासाभराने परत घेतात. अशा फॉर्मवर ‘मला जमणार नाही’ असे कोण लिहील? इंग्रजी प्रश्नावलीचे शब्दशः मराठी केले की विधानेही परकी होतात. भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून पाहणे आणि इथल्या विद्यार्थ्यांवर ती प्रश्नावली तपासणे, ही किमान काळजीही अनेकदा घेतली जात नाही.

मग मोजायचे काय?

वैद्यकीय शिक्षणाने हा प्रश्न आधीच सोडवायला घेतला आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी एक परीक्षापद्धत मांडली. विद्यार्थ्याने एकामागून एक ठिकाणी जायचे, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक काम करून दाखवायचे आणि परीक्षकाने ठरलेल्या यादीवर खुणा करायच्या. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी तयारीच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत आहे, कसे करायचे हे माहीत आहे, करून दाखवतो आणि प्रत्यक्ष कामात करतो. आपल्या समुपदेशनाच्या परीक्षा बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. ओपीडीतल्या मावशींना मात्र चौथ्या पायरीवरचा माणूस हवा असतो.

दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे निदान पाच गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली, भाषा. विद्यार्थी ‘अँग्झायटी’ आणि ‘डिप्रेशन’ शिकतो. रुग्ण म्हणतो, ‘जीव घाबराघुबरा होतोय’, ‘डोकं सुन्न पडलंय’, ‘अंगात मुंग्या येतात’, ‘बाहेरचं काहीतरी आहे म्हणतात’. यातला प्रत्येक शब्द धागा आहे. ‘बाहेरचं काही नसतं’ असे पहिल्याच वाक्यात म्हणणारा समुपदेशक शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असेल, पण रुग्ण पुन्हा येणार नाही. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे, हा तोल विद्यार्थ्याला साधतो का, हे बघायला हवे.

दुसरी, शरीराची जाण. धडधड, घाम, थरथर ही घबराटीची लक्षणे आहेत, तशीच साखर एकदम उतरल्याचीही आहेत. सुस्ती आणि उदासी थायरॉइडच्या कमतरतेतही दिसते, रक्त कमी असतानाही दिसते. काही औषधांनीही मन अस्वस्थ होते. समुपदेशकाने निदान करायचे नाही. पण ‘हे आधी डॉक्टरांनी बघायला हवे’ एवढे त्याला ओळखता आलेच पाहिजे.

तिसरी, वेळ. पुस्तकातले सत्र पन्नास मिनिटांचे असते. ओपीडीत पंधरा मिनिटे मिळतात, तीही दार दोनदा उघडून. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ सारखी नैराश्याची चाचणी कधी वापरायची, तिचा आकडा रुग्णाला कसा समजावायचा आणि पुढच्या भेटीसाठी एकच छोटे काम कोणते द्यायचे, हे त्या पंधरा मिनिटांत बसवावे लागते.

चौथी, गुप्तता आणि तिच्या मर्यादा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. दुसरीकडे, बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याखाली कळवणे बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला अंधारात ठेवून चालत नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदा आता गृहीत धरतो आणि तिला उपचार व आधार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो, हेही विद्यार्थ्याला ठाऊक हवे. ‘मी हे कुणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊन बसलेला समुपदेशक भला असतो, पण तयार नसतो.

पाचवी, दुसऱ्याबरोबर काम. केसपेपरवर चार ओळींत डॉक्टरला उपयोगी पडेल अशी नोंद करणे, सिस्टरला नेमकी मदत मागणे आणि आपल्याला झेपत नाही हे वेळेत कबूल करून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे वाक्य न लाजता म्हणता येणे हीसुद्धा तयारीच आहे आणि तिला गुण असायला हवेत.

गोव्याने काय दाखवले

हे सगळे फार खर्चिक वाटत असेल तर गोव्याकडे पाहावे. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. तो २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने यांत मिळून २,७९६ रुग्ण त्यात होते. समुपदेशक म्हणून निवडल्या गेलेल्या स्त्रिया स्थानिक पदवीधर होत्या. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या या स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण दिले होते. सरकारी केंद्रांत निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी जवळपास ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जिथे ही सेवा नव्हती तिथे हे प्रमाण साडेबेचाळीस टक्के होते.

खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. तिथे ही सेवा असो वा नसो, बरे होणाऱ्यांचे प्रमाण मुळातच चांगले होते. यातून एक धडा मिळतो: समुपदेशकाचा उपयोग किती होणार, हे तो कुठे बसतो यावरही अवलंबून असते. विद्यार्थ्याची तयारी मोजताना जागेचा विचार सोडून चालत नाही.

त्याच गटाने पुढे आणखी एक पाऊल टाकले. समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित करायच्या, सहकाऱ्यांनी एकत्र बसून त्या ऐकायच्या आणि ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. सरावाने सहकाऱ्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या जवळ येत गेले. म्हणजे गुणवत्ता मोजायला दर वेळी मोठ्या शहरातून तज्ज्ञ आणावा लागत नाही. नेपाळमध्ये ब्रँडन कोर्ट आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘इनॅक्ट’ ही मोजपट्टी आणि तिच्या आधारे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी उभारलेला ‘इक्विप’ हा उपक्रमही हेच सांगतो. त्यात विद्यार्थी रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तीशी बोलतो आणि निरीक्षक खुणा करतो. विशेष म्हणजे त्यात ‘हानिकारक वर्तन’ असा वेगळा स्तर आहे. उपदेश करणे, दोष देणे, रुग्णाचे म्हणणे उडवून लावणे, आत्महत्येचा विषय निघताच तो टाळणे, असे काही घडले तर बाकी कितीही छान बोलले तरी ती चूक झाकली जात नाही. आपल्या सरासरी गुणांच्या पद्धतीत नेमके हेच झाकले जाते.

इस्लामपुरात हे जमण्यासारखे आहे

इस्लामपुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, कला शाखेची महाविद्यालये आहेत. तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि आशाताईंचे जाळे आहे. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे. साताऱ्यात आणि मिरजेत मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या अनुभवी संस्था आहेत. हे सगळे एकमेकांपासून फार तर दोन तासांच्या अंतरावर आहे. त्यांना जोडणारा धागा तेवढा हवा.

पहिले वर्ष संपताना विद्यार्थ्याने पाच ठिकाणांची परीक्षा द्यावी. साखर वाढलेल्या मावशी, दारू सोडायची आहे पण बायकोने आणले म्हणून आलेला तरुण, बाळंतपणानंतर रडणारी मुलगी, क्षयरोगाचे औषध अर्धवट सोडलेला ऊसतोड मजूर आणि केसपेपरवरील नोंद. प्रत्येकी पंधरा मिनिटे. रुग्णाची भूमिका करायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न निदान सांगली जिल्ह्याने विचारू नये. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले ते याच जिल्ह्यात. नाट्यपंढरीत हौशी कलावंतांची वानवा नाही. इथल्या बोलीत, इथल्या लकबीत बोलणारा ‘रुग्ण’ कोणत्याही परदेशी चित्रफितीपेक्षा विद्यार्थ्याची अधिक खरी परीक्षा घेईल.

दुसऱ्या वर्षी काही आठवडे प्रत्यक्ष ओपीडीत काम असावे, पण देखरेखीखाली. ‘मी शिकाऊ समुपदेशक आहे’ हे रुग्णाला आधीच सांगावे आणि त्याची संमती घ्यावी. गुण एकट्या प्राध्यापकाने देऊ नयेत. डॉक्टरने सांगावे की नोंद उपयोगी पडली का. सिस्टरने सांगावे की अडचणीत विद्यार्थी मदत मागतो का. रुग्णाला दोनच प्रश्न विचारावेत: तुमचे ऐकून घेतले का आणि पुन्हा यावेसे वाटते का. नर्सिंग आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांबरोबर आठवड्यातून एकदा एकाच रुग्णावर चर्चा झाली, तर उद्याचे डॉक्टरही समुपदेशकाबरोबर काम करायला शिकतील. तयारी दोन्ही बाजूंची लागते.

आणि मोजमाप रुग्णालयाचेही व्हावे. दार लावता येईल अशी खोली आहे का? समुपदेशकाची नोंद कोणी वाचते का? धोक्याचा रुग्ण आढळला तर कोणाला फोन करायचा, हे भिंतीवर लिहिले आहे का? हे नसेल तर उत्तम विद्यार्थीही नापास होईल आणि तो दोष त्याचा नसेल.

आक्षेप आणि उत्तर

यावर पहिला आक्षेप येईल तो टंचाईचा. आधीच माणसे नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांतील वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. अशा वेळी परीक्षा कडक केली तर येणारेही येणार नाहीत, असे म्हटले जाईल. मुद्दा खरा आहे. पण गोव्याचा अनुभव सांगतो की मोठ्या पदव्यांवाचूनही चांगले काम होते, फक्त शिकवण्यानंतर सतत पाहणारा आणि दुरुस्त करणारा कोणीतरी लागतो. इथे सुचवलेले मोजमाप विद्यार्थ्याला दारातून परत पाठवण्यासाठी नाही. तो आरसा आहे. कुठे कमी पडतो हे कळले की पुन्हा शिकायचे आणि पुन्हा करून दाखवायचे.

दुसरा आक्षेप असा की माणसाची आपुलकी मोजता येत नाही. तीही गोष्ट बरोबर आहे. पण धोका विचारला की नाही, नोंद केली की नाही, घरच्यांना बाहेर बसवून रुग्णाला एकटे बोलू दिले की नाही, हे मोजता येते. आपुलकीच्या नावाखाली या गोष्टी सुटल्या तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

राष्ट्रीय आयोगाची घडी बसते आहे, तोवरच हे अभ्यासक्रमात आणायला हवे. एकदा चौकट पक्की झाली की पुढची वीस वर्षे लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा यांवरच समुपदेशक बाहेर पडत राहतील.

पुन्हा त्या खोलीत जाऊ. तयार असलेली विद्यार्थिनी मावशींना थेट पण शांतपणे विचारते की, संपवावेसे वाटते म्हणजे नेमके काय मनात येते, कधीपासून, घरात काही आणून ठेवले आहे का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलणाऱ्याचा भार हलका होतो, हे ती शिकली आहे. ती म्हणते, ‘मावशी, बाकीचं आपल्या दोघींत राहील. पण तुमच्या जिवाची काळजी आहे, म्हणून एवढं डॉक्टरांना सांगावं लागेल. आपण दोघी मिळून सांगूया का?’ मावशी मान हलवतात. दोघी उठतात. केसपेपरवर चार ओळी लिहिल्या जातात, पुढच्या भेटीची तारीख ठरते आणि रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चिठ्ठीवर लिहून हातात दिला जातो.

यातले काहीही पाठांतराने येत नाही. पण सगळे शिकवता येते, करून घेता येते आणि पाहून मोजता येते.